दुसरी कुंडी कुठे आहे?

मधुमेहाने पायांची आग होणाऱ्या माणसाला रात्र खायला उठते. दिवसभर कामाच्या नादात मुंग्या निभावून नेता येतात. दिवे मालवले की तळपाय पेटतात. चादर असली तर तिचा स्पर्श टोचतो, काढली तर पावलं गार पडतात. साताऱ्यातल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेचं बरीच वर्षं हेच चाललं आहे. वय ७१, मधुमेह जुना, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ९.४. चप्पल पायातून कधी निसटली हे त्यांना मागून कुणी हाक मारून सांगितल्यावरच कळतं, आणि तेच पाऊल पहाटे तीनला त्यांना जागं ठेवतं. जिथली संवेदना गेली तिथेच वेदना वस्तीला यावी, हा या आजाराचा खोडसाळपणा.

त्यांनी एका खासगी केंद्राचं माहितीपत्रक मागवलं होतं. गुळगुळीत कागद, हसरे आजी-आजोबा आणि ‘मूलपेशींनी नसांना नवजीवन’ अशी ठळक ओळ. सलाइनमधून तीन वेळा पेशी द्यायच्या, सहा आठवड्यांत फरक, खर्च काही लाखांत. त्यासाठी एफडी मोडायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ही बातमी भावाच्या घरी पोचली आणि भाचा पुण्याहून येऊन दाखल झाला. औषधांच्या चाचण्यांमधली आकडेवारी तपासणं हे त्याचं रोजचं काम. हा आपल्याला अडवायला आला आहे, हे आत्यांनी चहा टाकतानाच ओळखलं.

“आधी एक मान्य कर. मला गोळ्यांनी बरं वाटत नाही.”

“मान्य.”

“आणि त्या गोळ्या नस दुरुस्त करत नाहीत.”

“तेही मान्य. प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, तिन्ही वेदनेचा आवाज कमी करतात. तंतू होता तिथेच राहतो.”

मग त्याने २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेल्या ब्रिटनमधल्या ऑप्शन-डीएम चाचणीची गोष्ट सांगितली. १३० रुग्णांना ही औषधं आळीपाळीने, आधी एकेक आणि पुरेसा आराम पडला नाही तर दुसऱ्याच्या जोडीने दिली. कोणतंही आधी सुरू केलं तरी निकाल सारखाच लागला: दहापैकी साडेसहाच्या आसपासची वेदना साडेतीनच्या खाली आली.

“म्हणजे निम्मी उरलीच की,” आत्या म्हणाल्या. यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं, आणि वैद्यकशास्त्राकडेही फारसं नाही.

आत्यांची बाजू नुसत्या हताशपणाची नव्हती. त्यांनी आयुष्यभर दहावीला जीवशास्त्र शिकवलेलं. पायाच्या अंगठ्याची संवेदना वाहणाऱ्या चेतापेशीचं शरीर पाठीच्या कण्याशेजारी असतं आणि तिचा धागा तिथून जवळपास मीटरभर लांब जातो. एवढ्या लांब धाग्याची देखभाल शरीराला साखर वाढल्यावर झेपत नाही, म्हणून बोटं आधी जातात. बधिरपणा गुडघ्याशी आला की हातांची बोटं सुरू होतात. तंतूला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या बंद पडतात, वेष्टण सांभाळणाऱ्या श्वान पेशी आजारी पडतात, जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल होऊन पेशींत साठतं. “चारी बाजूंनी आग लागलेली असताना तुम्ही एकाच कोपऱ्यात पाणी मारत बसलात,” असा त्यांचा आरोप. तो अगदीच चुकीचा नाही. सॉर्बिटॉल रोखणाऱ्या औषधांवर कित्येक वर्षं खर्ची पडली. त्यातलं एपालरेस्टॅट जपानमध्ये आणि भारतात मिळतं, अमेरिकेत त्याला मान्यता नाही, आणि टोलरेस्टॅट यकृताला बाधतं म्हणून बाजारातून काढावं लागलं.

मूलपेशींचं आकर्षण नेमकं इथे आहे. अस्थिमज्जेतून किंवा नाळेतून घेतलेल्या मेसेन्कायमल पेशी एकच रसायन सोडत नाहीत. रक्तवाहिन्या वाढवणारी, तंतूंना जगवणारी, दाह शमवणारी अशी अनेक द्रव्यं एकाच वेळी सोडतात. नागोयाच्या संशोधकांनी २००८ मध्ये मधुमेही उंदरांच्या मांडीत अशा पेशी टोचल्या. चार आठवड्यांत चेतातंतूंमधला संदेशाचा वेग सुधारला, तंतूंचा रक्तपुरवठा वाढला. आत्यांनी हा निबंध स्वतः शोधून वाचला होता, शब्द अडला तिथे पेन्सिलने खूण करून.

“मी वाचलाय तो,” भाचा म्हणाला. “त्यात तीन गोष्टी बघ. त्या उंदरांचा मधुमेह आठ आठवड्यांचा होता, तुझा किती वर्षांचा? पेशी थेट मांडीच्या स्नायूत दिल्या होत्या, सलाइनमधून नव्हे. शिरेतून दिलेल्या या पेशी आकाराने मोठ्या असतात, बहुतेक फुप्फुसांतच अडकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या उंदरांची बधिर झालेली संवेदना परत आली. तुझी तक्रार आगीची आहे. बधिरपणा आणि आग एकाच घरात राहतात, पण एक गेलं म्हणून दुसरं जातंच असं नाही.”

“मग सहा आठवड्यांत लोकांना बरं वाटतं ते?”

“तूच हिशोब कर. तंतू रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून बोटापर्यंत धर अर्धा मीटर. दीड वर्षाच्या आत नवी नस बोटाशी पोचणार कशी?”

“नस नसेल पोचत. दाह कमी होत असेल. आग दाहाचीच असेल तर?”

हा मुद्दा चोख होता. भाच्यानेही तो नाकारला नाही. उलट त्याने आत्यांच्या बाजूचा एक साक्षीदार स्वतःच उभा केला: या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणारे क्लीव्हलँडचे आर्नल्ड कॅप्लन. २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं की या पेशी रुग्णाच्या शरीरात नवे अवयव घडवत नाहीत, औषधी संदेश सोडतात, तेव्हा त्यांना स्टेम सेल म्हणणं सोडा. म्हणजे आत्यांची कल्पना शास्त्राला धरून होती. माहितीपत्रकातलं ‘नवजीवन’ मात्र नव्हतं.

“होत असेल, नसेल,” भाचा म्हणाला. “कळणार कसं? सुट्टीत यायचो तेव्हा तू आम्हाला हरभऱ्याच्या दोन कुंड्या करायला लावायचीस. एकीत खत, एकीत नाही. बाकी ऊन-पाणी सारखं. मी एकदा आळसाने एकच कुंडी केली आणि म्हटलं, बघ किती छान वाढलं. तू काय म्हणालीस?”

आत्या हसल्या. “दुसरी कुंडी कुठे आहे?”

“या केंद्राला तेच विचार.”

दुखण्याच्या बाबतीत दुसरी कुंडी किती महत्त्वाची, याचं अलीकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण कोरियातल्या एका औषधाचं आहे. ते मूलपेशींचं नाही, जनुकाचं आहे. हेलिक्समिथ (पूर्वीचं नाव व्हायरोमेड) या कंपनीने एचजीएफ नावाचं प्रथिन बनवायला लावणारा डीएनए मधुमेही रुग्णांच्या पोटऱ्यांत टोचला. हेच एचजीएफ मेसेन्कायमल पेशीही सोडतात, म्हणून ही गोष्ट इथे लागू पडते. २०१५ मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॅक केसलर यांच्या गटाने पहिले निकाल छापले तेव्हा आनंदीआनंद होता: कमी मात्रा घेतलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली होती, खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत सहापैकी एकाची. मग सुमारे ५०० रुग्णांची मोठी चाचणी झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की खरं औषध आणि खोटं औषध यांची काही रुग्णांत अदलाबदल झाली असावी असा संशय आहे, म्हणून निकालच लावता येत नाही. शेअर कोसळला. पुढे बारकाईने पाहिलं तर तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. कंपनीने हार न मानता पुन्हा चाचण्या लावल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा निकालही तसाच लागला.

“दुसरी कुंडी नसती,” भाचा म्हणाला, “तर ते औषध आज साताऱ्यात मिळालं असतं. आणि घेतलेल्या कित्येकांनी शपथेवर सांगितलं असतं की गुण आला. खोटं बोलत नसते ते. वेदना चढउताराची असते. माणूस अगदी असह्य झाल्यावर डॉक्टरकडे जातो, तिथून ती तशीही थोडी उतरते. त्यात सुई, सलाइन, पांढरे कोट, मोजलेले लाख.” माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की नसांच्या दुखण्यावरच्या अमेरिकेतल्या चाचण्यांत खोट्या गोळीने येणारा गुण वर्षागणिक वाढतच गेला आहे. औषध तेवढंच, खोट्याने त्याला गाठलं.

“मला प्लॅसिबोनेच बरं वाटलं, तर तुझं काय जातं?”

“तुझी एफडी जाते.”

आत्यांनी मग भारतातल्या मान्यतेचा विषय काढला, आणि इथे त्या तयारीनिशी होत्या. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सने बनवलेल्या पेशींना आपल्या औषध महानियंत्रकांनी बर्गर रोगात पायाचा रक्तपुरवठा तुटतो त्यासाठी परवानगी दिली आहे, २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठीही दिली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पहिल्यांदाच मेसेन्कायमल पेशींच्या औषधाला हिरवा कंदील दाखवला. “मग माझ्याच पायाने काय घोडं मारलंय?”

“एफडीएची ती मान्यता अस्थिमज्जा रोपणानंतर होणाऱ्या एका जीवघेण्या गुंतागुंतीसाठी आहे, तीही लहान मुलांत. आणि त्याच डिसेंबरात युरोपच्या बाजारातून दुसरं पेशींचं औषध परत घेतलं गेलं, आतड्याच्या क्रोन्स आजारातल्या भगंदरावरचं. २०१८ ला मान्यता होती. मोठी चाचणी पुन्हा केली, फायदा दिसला नाही. आत्या, पेशींना सरसकट पास किंवा नापास करता येत नाही. कुठल्या पेशी, कुठे टोचल्या, कुठल्या आजारात, दर वेळी नव्याने परीक्षा.”

भारतातला नियम इथे स्पष्ट आहे आणि तो फार लोकांना ठाऊक नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूलपेशी रोपण आणि रीतसर मान्यता मिळालेली औषधं सोडली, तर मूलपेशींचा बाकी सगळा वापर हे संशोधन आहे. संशोधन म्हणजे नैतिकता समितीची मंजुरी, भारतीय चाचणी नोंदवहीत म्हणजे सीटीआरआयवर नोंद, इजा झाल्यास भरपाई. आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याच्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नाहीत. भाच्याने हे दोन प्रश्नांत बसवलं: चाचणी असेल तर पैसे कशाचे? उपचार असेल तर मान्यता कुठे?

आत्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की हे संशोधन वगैरे नाही, सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे. “मग मान्यतेचं पत्र व्हॉट्सअॅपवर पाठवा,” आत्या म्हणाल्या. थोडा वेळ हिंदी गाण्याची धून वाजली. परत आल्यावर त्या मुलीने या महिन्यात बुकिंग केल्यास दहा टक्के सूट मिळेल असं सांगितलं.

एवढ्यावर वाद संपला असता तर भाच्याचा विजय झाला असता. तो झाला नाही, कारण फोन ठेवून आत्या म्हणाल्या, “हे केंद्र लबाड आहे, ठीक. पण माझा पाय माझा आहे. मी शहाणी बाई आहे, धोका समजून घेऊन माझे पैसे लावीन. तू कोण अडवणारा?”

भाच्याने फ्लोरिडातली घटना सांगितली. २०१५ मध्ये तिथल्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्कर स्त्रियांनी डोळ्यांच्या आजारासाठी स्वतःच्याच चरबीतल्या पेशी टोचून घेतल्या, दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. तिघींची दृष्टी गेली किंवा जवळजवळ गेली. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे सविस्तर छापून आलं. चाचण्यांच्या सरकारी संकेतस्थळावर नोंद दिसली म्हणून आपण संशोधनात भाग घेत आहोत असा त्यांच्यातल्या निदान एकीचा समज झाला होता. प्रत्येकीने पाच हजार डॉलर मोजले होते. २०१८ मध्ये नाळेच्या रक्तातून बनवलेल्या इंजेक्शनांनी अमेरिकेतल्या बारा जणांना जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. मधुमेहींत जंतुसंसर्ग कसा चिघळतो हे सांगायची गरज नव्हती. आत्यांच्या शेजारच्या आजोबांचा अंगठा काढून वर्ष झालं नव्हतं.

“समजलं. पण तू सांग, रीतसर मोठी चाचणी कोण करतंय? १०.१ कोटी मधुमेही आहेत देशात, तुमच्याच आयसीएमआरचा आकडा. त्यातल्या किती जणांचे पाय जळत असतील? आणि माणसांवर झालेले अभ्यास म्हणजे इथे थोडे, तिथे थोडे रुग्ण, बऱ्याच ठिकाणी तुलनेचा गटच नाही. स्वतःच्याच पेशी परत टोचायच्या त्यात कंपनीला नफा कसला? म्हणून चाचणी नाही. चाचणी नाही म्हणून पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून मी जळत बसायचं.”

आत्यांचं हे म्हणणं कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा वजनदार आहे, आणि मूलपेशींच्या बाजाराला शिव्या देणाऱ्यांनी ते कानाआड करू नये. भाच्याचं प्रत्युत्तर एवढंच होतं की तीच वस्तू पैसे देऊन मिळत असेल, तर अर्ध्यांना खोटं इंजेक्शन मिळणाऱ्या चाचणीत कोण येईल? विकत मिळणारी आशा चाचणीलाच मारते. जपानने २०१४ पासून थोड्या पुराव्यावर सशर्त परवानग्या देऊन पाहिल्या; पायांच्या रक्तपुरवठ्यासाठी दिलेलं एचजीएफ जनुकाचं औषध २०१९ मध्ये तसंच बाजारात आलं आणि २०२४ मध्ये माघारी गेलं.

मग त्याने सध्या हाताशी असलेल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, आणि तिथे तो अडकला. औषधांनी दाद न देणाऱ्यांसाठी मज्जारज्जूजवळ विजेचे सूक्ष्म झटके देणारं यंत्र बसवतात, महागडं, पण २०२१ च्या २१६ रुग्णांच्या चाचणीत ठळक फायदा दिसला आणि एफडीएने मान्यता दिली.

“त्यात खोटं यंत्र बसवलेला गट होता?”

“नाही. एका गटाला यंत्र, दुसऱ्याला नुसती नेहमीची औषधं.”

“म्हणजे कुणाला काय मिळालं हे सगळ्यांना ठाऊक. मग दुसरी कुंडी कुठे आहे?”

भाचा गप्प बसला. यंत्रांना पुराव्याची कसोटी सैल लावली जाते हे खरं आहे. “तुमच्याकडेही वशिला चालतो तर,” आत्या म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या.

त्या परत येईपर्यंत भाच्याने त्यांची फाइल चाळली. प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम, रात्री एक. सुरू झाली तेव्हापासून तेवढीच. ऑप्शन-डीएममध्ये तीच गोळी गरजेप्रमाणे दिवसाला ६०० पर्यंत चढवली होती. दुसरं औषध जोडीला कधी दिलेलंच नव्हतं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, आत्या शुद्ध शाकाहारी, आणि बी-१२ ची तपासणी फाइलमध्ये कुठेच नाही. मेटफॉर्मिनने बी-१२ घटतं, आणि त्याच्या कमतरतेनेही पायांत मुंग्या आणि बधिरपणा येतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं.

“आत्या, तू गोळ्यांनी बरं वाटत नाही म्हणालीस. एकाच गोळीने, सुरुवातीच्याच डोसने वाटत नाही.”

“वाढवली की दिवसभर झापड येते.”

“मग डॉक्टरांना सांगितलंस?”

“ते दोन मिनिटं बघतात. पायाला हातसुद्धा लावत नाहीत.” पाय तपासायला दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा आणि कंपनकाटा लागतो, वेळ जेमतेम पाच मिनिटांचा. आत्यांच्या पावलांवर तो धागा अजून कुणी टेकवला नव्हता, आणि लाखो रुपयांच्या पेशी सुचवणाऱ्या केंद्रानेही त्यांना आधी पाय दाखवा असं म्हटलं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांना विचारायच्या गोष्टींची यादी आत्यांनी स्वतःच लिहिली: बी-१२, क्रिएटिनिन, दुसरं औषध, धाग्याची तपासणी. खाली रेघ मारून लिहिलं, शुगर. त्यावर भाच्याने सावध केलं की साखर भराभर पाडू नको. तीन महिन्यांत एचबीएवनसी दोन अंकांहून जास्त घसरली, तर नसांची आग उलट एकदम भडकू शकते. बॉस्टनच्या गिबन्स आणि फ्रीमन यांनी २०१५ मध्ये अशा रुग्णांची मोठी मालिका छापली आहे.

“म्हणजे वाढली तरी आग, उतरवली तरी आग.”

“हळूहळू उतरवली तर नाही. आणि कुठल्याही चाचणीत घ्यायच्या आधी ते हीच बघतात. एचबीएवनसी मर्यादेत हवी, गोळ्यांचा डोस स्थिर हवा.”

“खोटं इंजेक्शन मिळालं तरी चालेल मला. पण फुकट, आणि नंतर खरं काय निघालं ते सांगायचं,” आत्या म्हणाल्या. “वयाची अट असते का?”

“बऱ्याच ठिकाणी पंचाहत्तर.”

“मग तुझ्या लोकांना सांग,” त्या यादीची घडी घालत म्हणाल्या, “चार वर्षं आहेत तुमच्याकडे.”